फिरत्या घरातली वीज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही डॅलसला असतो. दीड वर्षापूर्वी २०१६ची सेकंडहँड क्लास ए, म्हणजे बसएवढी, मोटरहोम घेतली. आई-बाबा सांगलीहून आलेत म्हणून मार्चमध्ये सगळे टेक्सासमधल्या बिग बेंड नॅशनल पार्कला गेलो, साइटवर विजेचा प्लग नव्हता. दुसऱ्या रात्री हीटर बंद पडला. सकाळी निघताना स्लाइड, म्हणजे खोलीचा बाहेर सरकणारा भाग, आत घ्यायला बटण दाबलं की ती दोन इंच सरकून थांबायची, टचस्क्रीन काळा होऊन परत सुरू व्हायचा आणि लगेच बेडरूमचे, बाथरूमचे, बाहेरचे सगळे दिवे आपोआप लागायचे. जनरेटरपण सुरू होईना. बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, त्यामुळे आईचा जीव टांगणीला. शेवटी इंजिन चालू ठेवलं तेव्हा कशीबशी स्लाइड आत आली. परत आल्यावर वर्कशॉपवाल्याने दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, मेन कंट्रोल बोर्ड गेलाय, अडीच हजार डॉलर आणि सहा आठवडे. घरी प्लग लावून उभी आहे तर आता सगळं नीट चालतंय. बोर्ड बदलावा का?

उत्तर: नका बदलू, निदान अजून तरी नाही. तुमच्याच पत्रात तीन गोष्टी आहेत बघा: प्लग लावला की नीट चालतं, इंजिन चालू केलं की चालतं, आणि जनरेटर सुरू झाला नाही. बऱ्याच गाड्यांत जनरेटरचा स्टार्टर घराच्या बॅटरीवरच (इंजिनच्या नाही, गाडीतल्या राहत्या भागाच्या) असतो. म्हणजे बाहेरून वीज मिळाली की बोर्ड शहाणा आणि नुसत्या बॅटरीवर सोडला की वेडा. बिघडलेला बोर्ड असं वागत नाही, उपाशी बोर्ड असं वागतो.

हे नेमकं होतं कसं ते सांगते, कारण एकदा कळलं की पुढे कोणी तुम्हाला घाबरवू शकणार नाही. आपल्या घरात भिंतीवरचं बटण दाबलं की दिव्याची वीज त्या बटणातूनच जाते. या गाड्यांमध्ये तसं नाही. भिंतीवरचं कीपॅड हा फक्त निरोप्या, तो दोन पिळलेल्या बारीक तारांवरून निरोप सोडतो की हॉलचा दिवा लावा, आणि कुठेतरी कपाटामागे किंवा पलंगाखाली बसलेलं मॉड्यूल तो निरोप ऐकून दिव्याला १२ व्होल्ट देतं. म्हणजे दिवे, पंप, स्लाइड, दाराबाहेरची सावलीची छत्री या सगळ्याच्या मध्ये एक छोटा कॉम्प्युटर बसलाय, आणि त्याला स्वतःला जगायला स्थिर व्होल्टेज लागतं. स्लाइडची मोटर सुरू होताना एकदम खूप करंट ओढते, बॅटरी थकलेली असेल तर त्या क्षणी व्होल्टेज धाडकन ९-१० वर येतं, कॉम्प्युटर बंद पडतो, मोटर थांबते, भार गेला की व्होल्टेज परत वर चढतं, कॉम्प्युटर जागा होतो आणि जागा होताना काही सिस्टिम सगळे दिवे लावूनच उठतात. म्हणून तुमच्याकडे ती दिवाळी झाली.

हीटरचंही तेच. गॅसवर चालतो म्हणून त्याला वीज लागत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्याचा पंखा साधारण ८ अँपिअर घेतो. रात्रभरात पंखा एकूण ६ तास फिरला तर ४८ अँपिअर-तास गेले. ६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्यांची जोडी नवी असताना साधारण २२० अँपिअर-तासांची असते आणि लेड-ॲसिडमधून निम्म्याच्या खाली जाऊ नये, म्हणजे हातात ११० राहिले. त्यात दिवे, पंप, फ्रिज, टचस्क्रीन हे वेगळंच. नव्या बॅटरीवरच दोन रात्री जेमतेम निघतील, तुमची बॅटरी गाडीबरोबरचीच असेल तर विचारूच नका. आणि इन्सुलिनसाठी हे मुद्दाम लक्षात ठेवा, गॅसवर चालणारा फ्रिजसुद्धा १२ व्होल्टशिवाय बंद पडतो, कारण त्याचा कंट्रोल बोर्ड आणि गॅसचा व्हॉल्व्ह विजेवर चालतो. पुढच्या ट्रिपला इन्सुलिनसाठी वेगळी थर्मास पिशवी आणि आइसपॅक ठेवाच, हे मी अगदी हात जोडून सांगते. बाटली मात्र बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

आता करायचं काय. साधा डिजिटल मल्टिमीटर आणा, २०-२५ डॉलरवाला पुरतो. आधी बाहेरचा प्लग काढा. हे महत्त्वाचं आहे, कारण प्लग लावलेला असताना बॅटरीवर जे १३.६ दिसतं ते कन्व्हर्टरचं, म्हणजे बाहेरच्या विजेवरून बॅटरी चार्ज करणाऱ्या डब्याचं, व्होल्टेज असतं, बॅटरीचं नाही, आणि त्या १३.६ ला भुलून कितीतरी लोक बॅटरी चांगली आहे असं धरून चालतात. सोलर असेल तर तेही बंद करा. मग घरातले दिवे पाच मिनिटं लावून वरवरचं चार्जिंग उतरू द्या, दिवे बंद करा, थोडा वेळ थांबा आणि मोजा. १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. हे आकडे लेड-ॲसिडचे. लिथियम असेल तर हा हिशेब विसरा, तिचं व्होल्टेज बराच वेळ १३ च्या आसपासच राहतं आणि शेवटी एकदम पडतं.

पण नुसत्या उभ्या बॅटरीचा आकडा फसवा असतो, थकलेली बॅटरी बसल्या जागी १२.५ दाखवते आणि जिना चढायला लावला की धाप लागते. म्हणून कोणालातरी आत पाठवून स्लाइडचं बटण दाबायला सांगा आणि तुम्ही बॅटरीवर मीटर धरून आकडा बघा. १२ च्या जवळ राहिला तर बॅटरी ठीक, १०-११ च्या खाली कोसळला तर सापडलं. ६ व्होल्टच्या जोडीत असाल तर भार असतानाच प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, एक ५.९ वर आणि दुसरी ४.५ वर आली तर ती दुसरीच सगळ्यांना खाली खेचतेय. जोडी मात्र दोन्ही मिळून बदलायची, एक नवी एक जुनी बसवली की नवीही लवकर म्हातारी होते.

बॅटरी चांगली निघाली तर पुढचा संशय अर्थिंगवर, म्हणजे मायनसच्या वाटेवर. इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते. आम्ही ओहायोत असतो आणि हिवाळ्यात रस्त्यावर जे मीठ टाकतात ते गाडीच्या पोटाखाली काय करतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या गाडीत पाण्याचा पंप सुरू झाला की किचनचे दिवे दबायचे आणि कीपॅडवरचे छोटे हिरवे दिवे लुकलुकायचे. आम्हाला पण मॉड्यूल बदलायला सांगितलं होतं. मी मीटरची काळी सळई बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर धरली, क्लँपवर नाही, थेट खुंटीवर, आणि लांब वायर जोडून लाल सळई मॉड्यूलच्या ग्राउंडच्या बोल्टवर धरली, मुलीला पंप चालू करायला सांगितलं. तिथे ०.१-०.२ व्होल्ट यायला हवेत, माझ्या मीटरवर आले १.८. म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट नुसते परतीच्या वाटेत हरवत होते. चटई टाकून खाली झोपले, टॉर्च लावला, चासिसवरचा ग्राउंडचा बोल्ट वरून अगदी व्यवस्थित दिसत होता, घट्टही होता. पाना लावून सोडवला तेव्हा वायरच्या टोकाच्या कड्याखाली तपकिरी पापुद्रा, बोटाने चोळला तर पिठासारखा उडाला. बॅटरी वेगळी करून, वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, नवा दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. पंप चालवला, ०.०६. तेव्हापासून ते दिवे एकदाही दबले नाहीत. सगळा खर्च दहा डॉलरच्या आत. म्हणून माझा हट्ट असतो की आधी मोजा, मग बदला.

बोर्ड बदलायचाच झाला तरी एक लक्षात असू द्या, नवं मॉड्यूल नुसतं बसवून चालत नाही. त्याला आपला पत्ता आणि कुठल्या आउटपुटवर काय आहे ते सांगावं लागतं, काहींना बारीक डिप स्विच असतात, काहींना लॅपटॉपने प्रोग्रॅम करावं लागतं. जुन्या गाडीतून काढलेलं स्वस्त मॉड्यूल घेऊन फसलेले लोक मला माहीत आहेत. आणि कृपा करून पुढच्या ट्रिपच्या आधी घराच्या अंगणातच एकदा स्लाइड हाताने आत घ्यायची प्रॅक्टिस करा. प्रत्येक गाडीत काहीतरी सोय असते, मोटरचा ब्रेक सोडून पान्याने फिरवायची किंवा हँडल लावायची, पण ती जागा मॅन्युअलमध्ये शोधायची वेळ रात्री वाळवंटात येऊ नये, त्यात सोबत आई-बाबा असतील तर नाहीच नाही.

प्रश्न: ताई, न्यू जर्सीहून लिहितोय. हिवाळाभर गाडी स्टोरेजमध्ये होती, एप्रिलमध्ये काढली तर मागच्या अर्ध्या भागातले एकही कीपॅड चालत नाही, पुढचे मात्र चालतात. उंदरांच्या लेंड्या सापडल्या. बॅटरी नवी आहे, तुम्ही सांगता तशी लोडवर मोजली, १२.३ च्या खाली जात नाही. आता कुठे बघू?

उत्तर: शाब्बास, निम्मं काम तुम्ही केलंच आहे. आता त्या दोन पिळलेल्या तारांकडे जा. बऱ्याच मोटरहोममध्ये जी भाषा चालते तिला आरव्ही-सी म्हणतात, ती ट्रक आणि कारमधल्या कॅन बसवरच (सगळी मॉड्यूल ज्या सामाईक तारांवरून एकमेकांशी बोलतात ती पद्धत) बांधलेली आहे. एक मुख्य तारजोडी गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्याला टर्मिनेटर म्हणतात. तो नसेल तर निरोप टोकाला आपटून माघारी येतो आणि नव्या निरोपात मिसळतो, दरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनीने पुढचा शब्द कळत नाही तसंच.

सगळी वीज बंद करा, अगदी सगळी, प्लग, सोलर, इन्व्हर्टर, आणि घराच्या बॅटरीची मायनस केबल काढून ठेवा. नुसतं डिस्कनेक्टचं बटण दाबून भागत नाही, काही सर्किट त्याच्या आधीच जोडलेली असतात. मग एखाद्या कीपॅडचा प्लग काढून त्या प्लगमधल्या दोन डेटा तारांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर वाट धड आहे, कारण १२० चे दोन समांतर म्हणजे ६०. १२० आले तर एक टर्मिनेटर नाही किंवा मध्ये कुठेतरी तार तुटली आहे. ४० म्हणजे कोणीतरी तिसरा टर्मिनेटर लावलाय, नवीन काही बसवलेल्या गाड्यांत हे दिसतं. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा एखादं मॉड्यूल आतून शॉर्ट झालंय.

तुमच्याकडे बहुतेक १२० येणार. दोन्ही टोकांचे टर्मिनेटर जागेवर आहेत ना ते आधी डोळ्यांनी बघा, मग मुख्य तारेवरचा मधला एखादा जोड सोडा आणि दोन्ही दिशांना वेगवेगळं मोजा. ज्या दिशेला १२० येतं ती बाजू धड, जिकडे मीटर काहीच दाखवत नाही तिकडे तूट. मग त्या बाजूच्या पुन्हा मधोमध. असं निम्मं-निम्मं करत गेलात की तीन-चार मोजणीत जागा सापडते, अख्ख्या गाडीचं पॅनेलिंग उचकटायला लागत नाही. उंदीर बहुधा उबदार कोपरा पकडतात, पलंगाखालची वायरिंग, फ्रिजच्या मागची पोकळी, पाण्याच्या टाकीशेजारी, तिथे टॉर्च मारून बघा. जोडताना पीळ जमेल तितका जोडाच्या जवळपर्यंत ठेवा, पिळामुळेच बाहेरचा गोंगाट त्या तारांना लागत नाही, आणि वर आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि परत तुम्हाला तिथेच झोपावं लागतं.

६० असूनही गोंधळ होत असेल तर एखादं मॉड्यूल वेडं झालेलं असू शकतं, ते सतत बडबडत राहिलं की बाकी कोणालाच बोलता येत नाही. मग वीज चालू करून एकेक मॉड्यूल आणि कीपॅड बसवरून सोडत जायचं, ज्याला सोडल्यावर बाकीचे जागे झाले तोच चोर. दाराजवळच्या कीपॅडपासून सुरुवात करा, पावसात दार उघडं राहिलं की पाणी तिथेच शिरतं.

प्रश्न: जुने हॅलोजन काढून ऑनलाइन मिळणारे एलईडी बसवले. आता दिवे बंद केले तरी रात्री काजव्यासारखे मिणमिणतात आणि मंद केले की थरथरतात. मॉड्यूलमध्ये लीकेज आहे का?

उत्तर: बिघाड नाही. मॉड्यूलमध्ये पूर्वीसारखा टक्-टक् वाजणारा रिले नसतो, इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, आणि तो बंद असतानासुद्धा थोडासा करंट सोडतो. हॅलोजनला तो जाणवतही नव्हता, एलईडी इतक्या थोड्यावरही मिणमिणतो. त्या सर्किटवर दिव्याला समांतर १ हजार ओहमचा, अर्ध्या वॅटचा एक रेझिस्टर टाकला की बहुतेक वेळा थांबतं. थरथरण्याचं कारण वेगळं आहे. मॉड्यूल दिवा मंद करतं म्हणजे व्होल्टेज कमी करत नाही, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतं, आणि ज्या एलईडीमध्ये आतच १० ते ३० व्होल्टचा ड्रायव्हर (एलईडीचा करंट सांभाळणारं छोटं सर्किट) असतो तो या चालू-बंदने गोंधळतो. विकत घेताना पीडब्ल्यूएम डिमिंग (हेच चालू-बंद करून मंद करणं) चालेल असं पाकिटावर लिहिलेलंच घ्या, आणि अख्ख्या गाडीचे घेण्याआधी दोन घेऊन लावून बघा.

प्रश्न: आमच्या सासूबाई भारतातून आल्यात, त्यांना पायऱ्या चढवत नाहीत म्हणून ड्राइव्हवेमध्येच मोटरहोममध्ये त्यांची राहायची सोय केली. घराच्या साध्या सॉकेटवर ॲडॉप्टरने जोडलंय. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की पॅनेल एसी बंद करतं, कधी गॅरेजचा ब्रेकर पडतो. कॉम्प्युटर बिघडलाय का?

उत्तर: कॉम्प्युटर आपलं काम चोख करतोय, त्याला चुकीचा आकडा माहीत असेल एवढंच. ५० अँपिअरच्या प्लगमध्ये १२० व्होल्टच्या दोन वाटा असतात, म्हणजे १२,००० वॅट. ३० अँपिअरला ३,६०० आणि घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला १,८००. एकटा एसीच १२ ते १५ अँपिअर घेतो. पॅनेलवर शोर पॉवर (बाहेरून येणारी वीज) किंवा लोड मॅनेजमेंट नावाचं पान असेल, तिथे हाताने १५ किंवा २० निवडा, ॲडॉप्टर लावलाय हे त्याला बरेचदा आपोआप कळत नाही. मग तो ब्रेकर पडायच्या आत स्वतःच भार कमी करेल. वॉटर हीटर विजेवरून गॅसवर करा.

आणि वायरकडे बघा ताई. लांब, बारीक नारिंगी एक्स्टेन्शन वापरत असाल तर आजच काढा. अर्धा तास एसी चालल्यावर प्लगला हात लावून बघा, कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद. तिथे सासूबाई झोपतात. त्यांच्या खोलीतला धुराचा, गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टेस्टचं बटण दाबून तपासा, गॅसचा अलार्म १२ व्होल्टवर असतो, बॅटरी संपली की तोही मुका होतो. शक्य असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ३० अँपिअरचा खास मोटरहोमचा सॉकेट बसवून घ्या, आणि तो १२० व्होल्टचाच हवा हे त्याला लिहून द्या. हा सॉकेट ड्रायरचा समजून २४० देऊन ठेवल्याने गाड्यांमधली उपकरणं जळली आहेत.

प्रश्न: पुण्याहून लिहितोय. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर कॅराव्हॅन बांधतोय. मेहुण्याने अमेरिकेतून मोटरहोमचं कंट्रोल मॉड्यूल, कीपॅड आणि कन्व्हर्टर आणून दिलाय. इथे चालेल का?

उत्तर: मॉड्यूल आणि कीपॅड १२ व्होल्टचे आहेत, त्यांना देश माहीत नसतो, चालतील. कन्व्हर्टर मात्र लेबल वाचल्याशिवाय लावू नका, तिकडचे बहुतेक फक्त १२० व्होल्टचे असतात, आपल्या २३० वर पहिल्याच क्षणी जातील. इथलाच चांगला २३० व्होल्टचा बॅटरी चार्जर घ्या, आणि बाहेरून येणाऱ्या विजेवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवीच हवी, पावसाळ्यात ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून कोणीतरी दाराचं हँडल धरणारच आहे. ट्रॅव्हलरच्या मूळ वायरिंगमध्ये घराची वायरिंग मिसळू नका, बॅटरी वेगळी, फ्यूज बॉक्स वेगळा, मध्ये चार्जिंगसाठी आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा.

सगळ्यात मोठं काम तुम्हीच करू शकता, कारण तुमच्या भिंती अजून उघड्या आहेत. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर लावा आणि पॅनेलिंग बसवण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसू दे. कुठलं आउटपुट, कुठला फ्यूज, किती अँपिअर, तार कुठून गेली हे एका वहीत लिहून ती वही फ्यूज बॉक्सच्या दाराला आतून अडकवा. मॉड्यूलसमोर हात जाईल एवढी जागा ठेवा, पाण्याच्या पाइपखाली बसवू नका. आणि पंपाला आणि एका दिव्याला कॉम्प्युटरशी संबंध नसलेला साधा स्विच द्या, ४० रुपयांचा.